मिळकतकराची सवलत आणि झाडूवाल्याची मजुरी

(शहर शाखेच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



महानगरपालिकेचे अंदाजपत्रक हा विषय निघाला की चांगल्या चांगल्या कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा उमटतो. दिल्लीच्या अर्थसंकल्पावर तासभर बोलणारा माणूस आपल्या प्रभागातील कोठीवर किती बिगारी हजेरी लावतात, हे सांगू शकत नाही. पुणे महानगरपालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचे होते. वृत्तपत्रांत त्यातले उड्डाणपूल आणि रस्ते छापून आले. आजचा विषय त्यातल्या दोन कमी चर्चिल्या जाणाऱ्या बाबींचा आहे: मिळकतकरात दिली जाणारी सवलत आणि महापालिकेत न भरली जाणारी पदे. या बाबींची खाती वेगळी, त्यांवर बोलणारे लोक वेगळे, आणि त्यांचे मोर्चेही वेगळ्या दिवशी निघतात. हिशेबाच्या दृष्टीने मात्र ही एकच बाब आहे, असे या विवेचनाचे म्हणणे आहे.

प्रथम सवलतीचा इतिहास पाहू. पुणे महानगरपालिकेच्या मुख्य सभेने एप्रिल १९७० मध्ये एक ठराव केला. जो मालक आपल्या घरात स्वतः राहतो त्याच्या घराचे वार्षिक करपात्र मूल्य ठरवताना ४० टक्के सूट द्यावी, असा तो ठराव होता. शिवाय देखभाल-दुरुस्तीसाठी कायद्याने १० टक्के वजावट सांगितली असता पुण्याने १५ टक्के दिली. ही व्यवस्था जवळजवळ पन्नास वर्षे चालली. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की अशा सवलतीला कायद्याचा आधार नाही. राज्य सरकारने २०१८ मध्ये ठराव विखंडित केला आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना पूर्ण कर लागू झाला. एकाच इमारतीत, एकाच आकाराच्या दोन सदनिकांना वेगवेगळी बिले येऊ लागली. ओरड झाली, आंदोलने झाली, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ४० टक्क्यांची सवलत पुन्हा दिली, मागील फरकाची वसुलीही माफ केली.

१९७० च्या ठरावामागे काही विचार नव्हता असे म्हणता येणार नाही. मिळकतकराची आकारणी, ते घर भाड्याने दिले तर वाजवी भाडे किती येईल, या कल्पनेवर उभी आहे. आता जो मनुष्य आयुष्यभराच्या काटकसरीतून दोन खोल्या बांधतो आणि त्यात राहतो त्याला भाडे कुठून येणार? न येणाऱ्या भाड्यावर कर का द्यावा, हा त्याचा प्रश्न साधा आणि सरळ होता. पेठांमधील निवृत्त शिक्षक, छापखान्यातील जुळारी, लष्करी कारखान्यातील कामगार अशा माणसांचे ते पुणे होते. पानशेतच्या पुराला दशकही झाले नव्हते. पूरग्रस्त वसाहतींतील बिऱ्हाडे नुकती स्थिरावत होती. त्या काळच्या सभागृहाला या माणसाविषयी कणव वाटली असेल तर त्यात गैर काही नाही.

परंतु अर्थशास्त्र याच प्रश्नाचे दुसरे उत्तर देते, आणि ते आपण टाळता कामा नये. स्वतःच्या घरात राहणारा मालक भाडे मिळवत नसला तरी भाडे वाचवतो. त्याच्या शेजारी भाड्याने राहणारा तेवढीच मिळकत असलेला माणूस दर महिन्याला जे पैसे मोजतो, ते मालकाच्या खिशात राहतात. हे वाचलेले भाडे म्हणजे मालमत्तेपासून मिळणारे उत्पन्नच होय. फक्त ते रोकडीच्या रूपाने दिसत नाही. म्हणून स्वतः राहणाऱ्या मालकाला सूट आणि भाड्याने दिलेल्या घराला पूर्ण आकारणी, या व्यवस्थेत प्रत्यक्षात काय होते? भाड्याच्या घराचा कर घरमालक बहुधा भाड्यातच वसूल करतो. म्हणजे ज्याच्याकडे घर नाही तो पूर्ण दराने कर भरतो आणि ज्याच्याकडे आहे तो साठ टक्क्यांनी. गावाकडून शिकायला आलेली चार मुले मिळून घेतलेल्या खोलीत, किंवा चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर जाणारा कामगार भाड्याच्या घरात, ही सूट कधीच पाहत नाही.

आणखी एक गोष्ट. सूट टक्क्यांत आहे, आणि तिला वरची मर्यादा नाही. समजा, एका छोट्या सदनिकेचा सवलतीपूर्वीचा कर वर्षाला ५,००० रुपये होतो आणि नदीकाठच्या प्रशस्त बंगल्याचा ५०,००० रुपये. चाळीस टक्क्यांच्या हिशेबाने सदनिकेतील कुटुंबाला २,००० रुपये वाचतात आणि बंगल्यातील कुटुंबाला २०,०००. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण कोणतेही आकडे घ्या, प्रमाण हेच राहील. घर जितके मोठे तितके सार्वजनिक तिजोरीतून मिळणारे दान मोठे. या व्यवस्थेला ‘सामान्य पुणेकरांना दिलासा’ असे नाव देऊन सर्व पक्षांनी एकमुखाने तिचे स्वागत केले, आणि त्या एकमुखात दुर्दैवाने आपलाही सूर होता.

मुंबईचा मार्ग थोडा वेगळा आणि, न्याय्य बोलायचे तर, थोडा बरा आहे. तेथे जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर पूर्ण माफ झाला. सुमारे १६ लाख घरांना त्याचा लाभ होईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. येथे निदान मर्यादा आहे, बंगलेवाला रांगेत नाही. २०१७ च्या निवडणुकीत दिलेले हे आश्वासन २०१९ मध्ये अर्धवट उतरले, कारण तेव्हा केवळ सर्वसाधारण कराचा भाग माफ झाला होता. पूर्ण माफीसाठी आणखी तीन वर्षे जावी लागली. मुंबईच्या या निर्णयाविषयी एक गोष्ट मात्र क्वचितच बोलली जाते. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली. जकात हे मुंबई महापालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्न होते. तिच्या जागी राज्याकडून नुकसानभरपाई येते, दरवर्षी आठ टक्के वाढीने येते, पण ती येते म्हणजे दिली जाते. महापालिका ती मिळवत नाही. ज्या संस्थेचा एक हात असा बांधला गेला तिने दुसऱ्या हातातला मालमत्ता करही सैल सोडला. इतर शहरांत जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांपुरता उठला, त्यालाही हेच लागू आहे. व्यापाऱ्यांचा बंद यशस्वी होतो. झाडूवाल्यांच्या संपाला वेठीस धरणे म्हणतात.

सवलत हा खर्चच आहे, हे आपल्या अंदाजपत्रकाच्या पुस्तकात कोठेही लिहिलेले नसते. बिगाऱ्याचा पगार, त्याचा घाणभत्ता, त्याचा गणवेश, साबण हे सारे ओळीने छापलेले असते. त्यावर दरवर्षी चर्चा होते, ‘आस्थापना खर्च वाढला’ म्हणून मथळे येतात. न आकारलेला कर मात्र कोणत्याच पानावर नसतो. थकबाकीदारांसाठी वेळोवेळी येणाऱ्या अभय योजनांची गोष्ट तीच. दंडाच्या रकमेतले सत्तर-ऐंशी टक्के माफ करायचे, मुदत वाढवायची, आणि वसुलीचा ‘विक्रम’ जाहीर करायचा. मुदतीत कर भरणाऱ्या शिपायाला ५ किंवा १० टक्के सूट, आणि वर्षानुवर्षे न भरणाऱ्या व्यापारी संकुलाला दंडात भरघोस माफी! प्रामाणिकपणाचा भाव इतका कमी ठेवल्यावर थकबाकी का वाढते, याचे आश्चर्य वाटायला नको.

आता दुसऱ्या बाबीकडे, म्हणजे नोकरभरतीकडे वळू. महापालिकेला स्वतःच्या मर्जीने माणसे नेमता येत नाहीत. किती पदे असावीत याचा आकृतिबंध राज्य सरकार मंजूर करते. त्याशिवाय एक दंडक आहे की, आस्थापनेवरील खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. गेला तर नवी भरती नाही. वरवर पाहता हा दंडक शहाणपणाचा वाटतो. नगरपालिका म्हणजे नातेवाइकांना चिकटवण्याचे ठिकाण, असा अनुभव लोकांना आलेला आहेच. पुण्यात गावे समाविष्ट होण्याच्या तोंडावर काही ग्रामपंचायतींत कशी घाईघाईने भरती झाली, ते अजून विसरलेले नाही.

परंतु या दंडकाचे गणित नीट पाहिले पाहिजे. आजच्या विवेचनाचा गाभा तेथेच आहे. समजा, एका महापालिकेचे उत्पन्न १०० रुपये आहे आणि आस्थापना खर्च ३३ रुपये. प्रमाण ३३ टक्के. भरतीला थोडी जागा आहे. आता सभागृहाने, किंवा मंत्रिमंडळाने, ८ रुपयांची करसवलत जाहीर केली. उत्पन्न ९२ रुपये झाले. एकही नवा माणूस नेमलेला नाही, कोणाचा पगार एक पैशाने वाढलेला नाही, तरी तेच ३३ रुपये आता उत्पन्नाच्या जवळजवळ ३६ टक्के झाले. दंडक ओलांडला गेला. रिक्त पदांची फाईल बंद झाली. सवलतीवर सही करणाऱ्याने झाडूवाल्याच्या नेमणुकीवर काट मारली, आणि बहुधा त्याला त्याचा पत्ताही नाही.

रस्ते तर झाडावेच लागतात. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्यांपैकी दोन २०२४ मध्ये वेगळ्या नगरपरिषदेसाठी बाहेर पडली तरी क्षेत्रफळाने ही राज्यातली सर्वांत मोठी महापालिका ठरली. नवे रस्ते, नव्या गटारी, नवा कचरा. मग काम कोण करणार? कंत्राटदाराची माणसे. त्यांच्यावरचा खर्च आस्थापनेत धरला जात नाही. तो सेवा, देखभाल, निविदा अशा शीर्षांखाली जातो. माणूस तोच, झाडू तोच, रस्ता तोच, पैसा त्याच तिजोरीतला, वर कंत्राटदाराचा नफा अधिक; पण कागदावर प्रमाण ३५ टक्क्यांच्या आत सुरक्षित. खर्चाचे नाव बदलले म्हणजे खर्च कमी झाला, असे मानणारे हे लेखाशास्त्र आहे. खासगी कारखान्यात कोणी असे केले असते तर त्यास आपण हातचलाखी म्हटले असते.

या हातचलाखीची किंमत कोणाकडून वसूल होते, ते मुंबईच्या एका खटल्याने सांगितले आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेचा कचरा उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत दाद मागितली. आम्ही नावापुरते कंत्राटदाराचे, खरे नोकर महापालिकेचेच, असे त्यांचे म्हणणे होते. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये त्यांच्या बाजूने निवाडा दिला. महापालिका उच्च न्यायालयात गेली, तेथे हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि एप्रिल २०१७ मध्ये तेथेही हरली. देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिका आपला कचरा उचलणाऱ्या माणसाला ‘हा आमचा नाही’ हे सिद्ध करण्यासाठी शेवटच्या पायरीपर्यंत भांडली. त्याच मुंबईत झोपडपट्ट्यांच्या सफाईसाठी ‘दत्तक वस्ती’ योजना निघाली आणि तिच्यातील सफाई करणाऱ्यांना ‘स्वयंसेवक’ हे नाव मिळाले. कामगार म्हटले की किमान वेतन आले, भविष्यनिर्वाह निधी आला. स्वयंसेवकाला मानधन पुरते. भाषेचा असा उपयोग आपल्या प्रशासनाला फार लवकर साधतो.

शहराची घाण कोण काढते, हा प्रश्न मजुरीबरोबर जातीचाही आहे. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. या तरतुदीकडे दोन प्रकारे पाहता येईल. झाडू बापाकडून लेकाकडे आणि सासूकडून सुनेकडे जावा अशी ती जातिव्यवस्थेचीच सरकारी नोंद आहे, असे म्हणता येईल, आणि ते खोटे नाही. पण ज्या घराला पिढ्यान्पिढ्या दुसरे काहीच मिळाले नाही, त्याला निदान एक कायम पगार, एक निवृत्तिवेतन, मुलीच्या शिक्षणाला आधार मिळाला, हेही तितकेच खरे. कंत्राटीकरणाने काय केले? काम त्याच वस्त्यांतील त्याच स्त्रीपुरुषांकडे राहिले, फक्त पगार, निवृत्तिवेतन आणि वारसा गेला. जात तेवढी शाबूत राहिली.

कायद्याच्या बाजूने एक नवी गोष्ट घडली आहे. आपल्या युनियनच्या मित्रांनी ती बारकाईने पाहावी. कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक श्रमसंहिता लागू झाली. या श्रमसंहितांना आपला विरोध आहे आणि तो योग्य आहे. केंद्रीय कायद्यातील वीस कामगारांची मर्यादा या संहितेने पन्नासावर नेली, हे एकच उदाहरण पुरे. पण तिच्यात म्हटले आहे की आस्थापनेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावता येणार नाहीत. सफाई, झाडणे, कचरा गोळा करणे ही कामे मुख्य नव्हेत असे ती पुढे सांगते, मात्र एका अटीवर: ती आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर. महापालिका कशासाठी स्थापन झाली आहे? सार्वजनिक रस्ते झाडणे आणि केरकचरा हलवणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने तिच्यावर घातलेले बंधनकारक कर्तव्य आहे. तेव्हा बँकेच्या इमारतीत फरशी पुसणे हे मुख्य काम नसेल, पण महापालिकेत झाडणे हे मुख्य काम आहे, असा दावा करण्यास भक्कम जागा आहे. पळवाटही तेथेच ठेवलेली आहे. जे काम सर्वसाधारणपणे कंत्राटदारामार्फतच होत आले आहे, त्याला ही बंदी नाही. म्हणजे दहा वर्षे बेकायदा वागले की अकराव्या वर्षी ती वहिवाट होते! म्हणूनच जेथे अजून कायम कामगार झाडत आहेत त्या प्रत्येक कोठीची हजेरी टिकवणे, निवृत्त झालेल्याची जागा रिकामी राहू न देणे, याला आता दुहेरी महत्त्व आले आहे.

पुण्याने या बाबतीत एक तिसरा मार्गही दाखवला. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, डॉ. बाबा आढावांचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. तिच्यातून कचरावेचक स्त्रियांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. तीन हजारांहून अधिक कष्टकरी घरोघर जाऊन कचरा घेतात, त्यांची मजुरी घरटी शुल्कातून मिळते, भंगाराचे उत्पन्न त्यांचे त्यांना राहते. कंत्राटदार मध्ये नाही. उकिरड्यावर कचरा शोधणाऱ्या बाईला ओळखपत्र घालून दारात उभे राहण्याचा हक्क मिळाला, हे लहान काम नव्हे. तरीही हिशेब विचारलाच पाहिजे. या व्यवस्थेत महापालिकेची वेतनावरची मोठी रक्कम वाचते, आणि शुल्क मागण्याची लाजिरवाणी पाळी कष्टकरी बाईवर येते. ‘आम्ही मिळकतकर भरतो, मग तुला कशाला द्यायचे?’ हे वाक्य तिला किती दारांत ऐकावे लागते! ज्या घराला चाळीस टक्के सूट आहे, त्याच घराला दरमहाचे ते शुल्क जड होते.

सवलतीचा आणि माणसांच्या तुटवड्याचा संबंध आणखी एका ठिकाणी येतो. ‘स्वतः राहतो’ ही अट घातली की ती तपासणारा माणूस लागतो. २०२३ मध्ये सवलत परत आली तेव्हा ज्यांना ती मिळत नव्हती त्यांना पीटी-३ नावाचा अर्ज पुराव्यांसह द्यावा लागला. ज्याला वेळ आहे, कागद आहेत, ओळख आहे, त्याचा अर्ज मुदतीत गेला. दोन पाळ्यांत काम करणारी स्त्री, लिहिता-वाचता न येणारा वृद्ध, यांना मुदत संपल्यावर कळले. पूर्वी घरोघर फिरून पेठेतले प्रत्येक बिऱ्हाड ओळखणारा निरीक्षक असे. त्याची जागा रिकामी राहिली आणि मोजणीचे काम खासगी संस्थांना देण्यात आले. त्या मोजणीत स्वतः राहणारे कित्येक मालक भाडेकरू ठरले आणि भाड्याने दिलेली कित्येक घरे सुटली. सवलत द्यायची तर ती नीट देण्यासाठीसुद्धा नोकर लागतात, हे साधे सत्य आहे.

येथे काही मित्र विचारतील, आणि विचारणे रास्त आहे, की समाजवाद्यांनी आता करवाढीची मागणी करावी काय? महागाईने पिचलेल्या मध्यमवर्गाला आणि कामगाराला आपण पाठ दाखवावी काय? मृणालताई गोरे १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून आल्या आणि गोरेगावच्या वस्त्यांच्या पाण्यासाठी इतक्या झगडल्या की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. त्यांची मागणी माफीची नव्हती, नळाची होती. पाणी महापालिकेने द्यावे, माणशी पुरेसे द्यावे, झोपडीला द्यावे, असा तो लढा होता. गरिबाला बिलातील माफीपेक्षा सेवेची गरज अधिक असते, कारण सेवा नसली की तो टँकरवाल्याकडून, खासगी दवाखान्याकडून, खासगी शाळेकडून तीच वस्तू कितीतरी महाग घेतो. ज्याच्या दारात नळच नाही त्याला पाणीपट्टीतील सूट काय कामाची? उलट, सेवेचा पैसा सवलतीत गेला की उरलेली गरज कर्जाने भागवावी लागते. समान पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने, दहा वर्षांच्या मुदतीचे. शेअर बाजारात त्यांचे मोठे कौतुक झाले. ज्याला करात सूट मिळाली त्याच वर्गाने, बँका आणि निधी यांच्या वाटेने, महापालिकेला तो पैसा व्याजाने दिला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तेव्हा प्रश्न सवलत हवी की नको हा नाही. ती कोणाला, किती, आणि कोणाच्या खात्यातून, हा आहे. छोट्या घराला पूर्ण माफी द्यावी. मुंबईसारखी क्षेत्रफळाची मर्यादा घालून द्यावी. मध्यम घराला ठराविक रुपयांची सूट असावी. मोठ्या घराला काही नसावे, आणि रिकाम्या ठेवलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या सदनिकेवर अधिक कर असावा. भाडेकरूचे काय करायचे, हा यातला सर्वांत अवघड भाग आहे. नोंदणीकृत भाडेकराराच्या आधारे त्या घरालाही तीच सूट द्यावी आणि बिलावर तिचा उल्लेख करावा, म्हणजे भाडेकरूला निदान मालकाशी बोलताना एक कागद हाती राहील. याहून चांगला उपाय कोणास सुचला तर त्याचे स्वागतच आहे.

हे सारे ठरवायचे कोणी, हाही प्रश्न उरतो. १८७६ पासून काही वर्षे जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतखर्चाला त्या सभेत त्यांनी एकट्याने विरोध केला. ते लोकनियुक्त नव्हते, सरकारनियुक्त होते; पण विरोध करायला सभा तरी होती. पुण्यात १५ मार्च २०२२ पासून सुमारे चार वर्षे सभाच नव्हती. आयुक्त हेच प्रशासक, हेच स्थायी समिती, हेच मुख्य सभा. त्यांनीच अंदाजपत्रक मांडावे आणि त्यांनीच मंजूर करावे. निविदा या काळात निघाल्या, करार या काळात झाले. १९७० चा ठराव निदान पुणेकरांच्या प्रतिनिधींनी केला होता. २०१८ ची रद्दबातलता आणि २०२३ ची कृपा या दोन्ही मुंबईतून आल्या. २०२४ मध्ये समाविष्ट गावांतील करवसुलीला स्थगिती मिळाली, तीही राज्य सरकारकडून. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये नगरपालिकांना दिलेल्या स्वायत्ततेचे हे असे झाले आहे. १५ जानेवारी २०२६ रोजी अखेर मतदान झाले. प्रचारात करमाफीची आश्वासने पुण्यातही ऐकू आली. रिक्त पदे भरण्याविषयी तेवढ्या आवाजात कोणी बोलले नाही.

आता सभागृह आहे, स्थायी समिती आहे. आपले नगरसेवक मोजके असोत वा नसोत, प्रश्न विचारण्याचा आणि माहिती मागण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. येत्या अंदाजपत्रकाच्या आधी प्रत्येक प्रभागातील कार्यकर्त्यांनी आपल्या आरोग्य कोठीवर सकाळी सहा वाजता जावे. शेड्यूलमान्य पदे किती, प्रत्यक्ष कायम कामगार किती, कंत्राटी किती, हे विचारून लिहून घ्यावे. कंत्राटी स्त्रियांच्या हातात वेतनचिठ्ठी आहे का, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक त्यांना ठाऊक आहे का, गेल्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला, हे त्यांनाच विचारावे, मुकादमाला नव्हे. दुसरीकडे करआकारणी व करसंकलन विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करावा की चालू वर्षी ४० टक्के सवलतीमुळे किती कर आकारला गेला नाही, आणि त्यातला किती भाग सर्वांत मोठ्या घरांच्या वाट्याला गेला. लेखा विभागाला विचारावे की कंत्राटी मनुष्यबळावरचा खर्च आस्थापनेत मिळवला तर प्रमाण किती होते. तिन्ही उत्तरे हाती आली की ती एका पत्रकावर छापून त्याच सोसायट्यांत आणि त्याच वस्त्यांत वाटावीत. पत्रक फार मोठे नको. तीन आकडे आणि आपल्या कोठीचे नाव एवढे पुरेल.